लाखेवरचा अंगठा

अमरावती, २ मार्च १९३७

१. अकोल्याहून निघाले. बडनेऱ्याला गाडी बदलली. सामान शाबूत.
२. जनाना इस्पितळात कंपाउंडर म्हणून रुजू झाले. डॉक्टरीणबाईंनी नागपूरचे प्रमाणपत्र वाचले, एक पूड तोलायला दिली आणि हसल्या.
३. खोली हवेशीर आहे. खिडकीतून मोगऱ्याचा मळा दिसतो. आया गंगूबाई चहा घेऊन आली. म्हणाली, तुमी बोलता कमी, वच्छलाबाई, इथं टिकसान.
४. विषाच्या कपाटाची किल्ली मिळाली. सोबत टेंडरपेटीचीही. आजवर ती हेडक्लार्क खुशालरावांकडे असे. का काढून घेतली ते सांगितले नाही. मी विचारले नाही.

दिवस फार चांगला गेला.

६ मार्च

रोग्यांसाठी वर्षभर भाजी पुरवायची टेंडरे येत आहेत. मळेवाले आपला भाव बंद लखोट्यात देतात. पुष्कळांना सही येत नाही. मग माझ्यासमोर लखोट्यावर लाख ओतायची, आणि ती गरम आहे तोवर त्यांनी ओला अंगठा तिच्यावर दाबायचा. तीच त्यांची मोहोर. वीस तारखेला सगळ्यांसमक्ष लखोटे फुटतील. तोवर कोणी भरले, काय भरले, हे कोणाला कळता कामा नये. म्हणून मी नोंदीत नाव घालत नाही, फक्त क्रमांक.

खुशालराव चौकशी करून गेले. बाई, घरच्या घरात कायची लपवाछपवी, कोन कोन येऊन गेलं तेवढंच सांगा. मी म्हटले, वीस तारखेला या.

९ मार्च

आज बाटल्या धुताना गंगूबाई बोलली. मागच्या साली मनकर्णाबाई नावाच्या मळेवालीने सर्वांत कमी भाव भरला होता. खुशालरावांनी तापल्या सुरीने तिची लाख उचलली, भाव ठेकेदार महादेवरावांना सांगितला, मग नवी लाख ओतून स्वतःचा अंगठा दाबला. महादेवरावांनी तिच्याहून किंचित कमी भरले.

लखोटे फोडायच्या दिवशी ती म्हणाली, हा आंगठा माहा नाई. खुशालराव म्हणाले, लाख थंडी झाली का आंगठा बी आकसते, बुढे. सगळे हसले. तिने शेगडीवरच्या उकळत्या लाखेत अंगठा बुडवला आणि टेबलावर दाबला. हा पाहा, अन् तो पाहा. कोणीही ताडून पाहिले नाही. हात सडत गेला. ती आमच्याच वॉर्डात वारली. शेवटी म्हणत होती, ज्यानं ज्यानं माहा भाव फोडला, त्याले मी मोहोर करीन.

टेबलावरचा ठसा मी भिंगाने पाहिला. अंगठ्यावर विळ्याची आडवी खूण आहे. लाखेत कातडी अजून आहे.

१२ मार्च

पेटीत एक लखोटा जास्त आहे. त्याच्यावर क्रमांक नाही. किल्ली माझ्या कमरेलाच होती. शेगडी आज पेटवलेली नाही. तरी लाख मऊ आहे, कोमट. भिंग लावले. आडवी खूण.

भीती वाटायला हवी होती. मला बरे वाटले.

१५ मार्च

दुपारी वॉर्डात जाताना किल्ली टेबलावर ठेवली. विसरले नाही. ठेवली.

परतले तेव्हा ती तिथेच होती, पण उलटी. फाटकाशी महादेवरावांची बैलांची दमणी उभी. खुशालराव पान चघळत त्यांच्या कानाशी लागले होते. मला पाहून म्हणाले, बाई, ऊन लय हाय, जरा आराम करत जा.

१६ मार्च

खुशालरावांना सकाळी खाटेवर घालून आणले. ओठ उघडेनात. मध्ये लाख. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. ही विरघळली नाही. श्वास नाकाने चालू होता. मग नाकपुड्याही — आतून — भरत आल्या.

ते गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी ओठ चिरले. जिभेवर ठसा. मी ओळखला. त्या रडल्या. मी चिमटे धुऊन ठेवले.

१७ मार्च

महादेवराव. दोन्ही कान. बाहेरचे काही ऐकू येत नाही, आतले मात्र — बुढी बोलून राहिली, थांबूनच नाई राहिली — एवढेच म्हणत होते. संध्याकाळी गेले.

ज्याने सांगितले त्याचे तोंड. ज्याने ऐकले त्याचे कान. माप बरोबर आहे. मी पोटभर जेवले.

१८ मार्च

उजव्या हाताची बोटे लाखेने एकमेकांना — आधी करंगळी, आता सगळी. गंगूबाई पाहून मागे सरली. मी म्हटले, मी कोणाचा भाव फोडला नाही. ती म्हणाली, पेटी कोनं उघडी टाकली मंग.

१९ मार्च

डॉक्टरीणबाई, डाव्या हाताने लिहीत आहे. मागणी साधी आहे. मनकर्णाबाईचा मागच्या सालचा लखोटा दप्तरात असेल. टेबलावरचा ठसा त्याच्याशी सर्वांसमक्ष ताडावा. तिचा भाव कोणी फोडला ते लेखी द्यावे. यंदा पेटी कोणी — माझे नाव घालावे. बाकी मळेवाल्यांचे लखोटे बदलून घ्यावेत, त्यांचा दोष —

डावा अंगठा तर्जनीला — गरम —

उत्तर उद्या, शनिवारी, लखोटे फुटण्याआधी द्यावे. तोंडी नको. लेखी. शनिवार —  शनिवारच्या आत उत्त