खालच्याची तहान

आबा, आज मेंढरं प्याली. हेच तुम्हाला सांगायचं होतं म्हणून लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला सांगणार? दादा मुंबईला, तो फोन उचलत नाही, आणि इथल्यांना वाटेल, मेंढरं पाणी प्याली त्यात काय एवढं.

आठवतं का, आपल्या माण भागातलं पाणी आटलं की आपण मेंढरं घेऊन पलूसच्या अंगाला उतरायचो. कृष्णा दिसली की तुम्ही पायताणं काढायचात, हात जोडायचात आणि मगच पाण्यात पाय घालायचात. मी लहान. एकदा जेवून ताटली नदीत खंगाळायला बसले, आणि माझ्या खालच्या अंगाला मेंढरं पीत होती. तुम्ही ताटली हातातून काढून घेतलीत. "पोरी, खालच्याला बी तहान असती," एवढंच म्हणालात. मला मात्र ते लय लागलं. संध्याकाळपर्यंत मी तोंड फुगवून बसले, आणि तुम्ही आपले भाकरी कुस्करून माझ्यापुढं सरकवताय.

पुढं सांगलीजवळ, नाला नदीला मिळतो त्याच्या खाली, मेंढरं पाणी हुंगून माघारी वळायला लागली. तरी तुम्ही म्हणायचात, मला कृष्णेतच सोडा. तुम्ही गेलात तेव्हा दादा आणि मी रक्षेचं गाडगं घेऊन त्याच काठावर उभे होतो. नाल्याचं काळं पाणी फेसाळत पडत होतं. दादाला गाडी गाठायची होती, पण मी गाडगं सोडेना. ज्या पाण्याला मेंढरं तोंड लावत नाहीत त्यात आबांना सोडायचं नाही, म्हणाले. दादा चिडला. "मग काय नदी धुवून काढणार हाईस व्हय?" तेव्हापासून आमचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

आता त्या नाल्याचं तोंड बंद केलंय. गावाचं सांडपाणी मोठ्या पाइपातून आमच्या प्रकल्पात येतं आणि मी तिथं पाणी तपासते. आधी जाळीला चिंध्या, प्लास्टिक, कधी कुणाची चप्पल अडकते. मग पाणी हौदात थांबतं, गाळ खाली बसतो. पुढच्या हौदात खालून हवा सोडतात, म्हणजे पाण्यातले जिवाणू घाण खाऊन टाकतात. पुन्हा गाळ बसवायचा, औषध घालायचं आणि मगच नदीत सोडायचं. सगळी नदी निवळली असं नाही हो, पलीकडं अजून नाले सुटतातच. शेजारीण माझ्याशी दारातूनच बोलते, अंगाला वास येतो म्हणे. आला तर आला. पण जेवताना समोर कुणी नसतं, त्याची अजून सवय होत नाही.

तुमचं गाडगं प्रयोगशाळेमागच्या कडुलिंबाला टांगलंय. रक्षा घरात न्यायची नसते, आणि लांब मला ठेववत नव्हती. आमच्या पाण्याचे आकडे केव्हाच बरोबर यायला लागलेत. तरी मी म्हणायचे, मेंढरं पिऊ देत, मग सोडीन.

आज दुपारी माणातला एक कळप काठानं चालला होता. आमचं पाणी नदीला मिळतं त्याच्या खाली पुढची मेंढी थांबली, पाणी हुंगू लागली. मग तिनं मान खाली घातली आणि पीतच राहिली. मागची सगळी येऊन पाण्याला लागली. म्हातारा मेंढका माझ्याकडं बघत म्हणाला, "गेल्या साली बी हितंच प्याली की. तुमी हुता न्हवं काठावर?"

होते, आबा. तेव्हाही पाहिलं होतं, आणि गुपचूप आत जाऊन कामाला लागले होते. रोज सुटताना लिंबाखाली उभी राहून तुम्हाला दिवसभराचं सांगते. पाण्याबद्दल आता माझी काही तक्रार नाही. पण तुम्हाला सोडलं, तर संध्याकाळी मी कुणाशी बोलू?