विसाव्या प्रकरणात तो बोलेल

१५ जून, रविवार
आजपासून रोजनिशी, कारण आजपासून कादंबरी. डिस्टोपियन. म्हणजे भविष्यातलं असं राज्य, जिथे माणसांचे हाल आहेत आणि तोंड उघडायची सोय नाही. साल २०७४. नायक मुका नाही, फक्त गप्प आहे. प्रकरणागणिक जाणता होत जाईल आणि विसाव्या प्रकरणात भर चौकात 'नाही' म्हणेल. गीतांजलीला हे सांगितलं. ती म्हणाली, गप्प माणूस बघायला एवढं पुढं कामून जायचं? बायकोला साहित्यातलं फारसं कळत नाही.

संकल्प: नायकाबरोबर मीही वाढणार.

काल मुलीला, सुकन्याला, लातूरला होस्टेलवर सोडून आलो. अकरावी आणि नीटचा क्लास. गेटवर फार रडली. निर्णय दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. त्यांनी उमरीत स्टँडसमोर फ्लेक्सही लावलाय, 'भावी डॉक्टर कु. सुकन्या'. खाली शुभेच्छुक म्हणून स्वतःचा फोटो, तिच्यापेक्षा मोठा. परीक्षा अजून दोन वर्षांनी आहे. मला विचारलं असतं तर नको म्हणालो असतो. विचारलं नाही.

२२ जून, रविवार
होस्टेलवर मोबाईल जमा करून घेतात. रविवारी दहा मिनिटं देतात. पोरगी पहिल्यापासून बडबडी, दहा मिनिटं श्वास न घेता बोलली. दर आठवड्याला टेस्ट. मार्कांप्रमाणे बाकं. हुशार पोरं पंख्याखाली, ही शेवटून दुसऱ्या बाकावर. जेवताना बोललं की मॅडम ताट उचलायला लावतात. शेवटी म्हणाली, पप्पा, मला इथं न्हाई राहायचं, घेऊन जा.
मी म्हणालो, बघू.
बाकांची आयडिया जबरदस्त. दुसऱ्या प्रकरणात घेतली.

६ जुलै, रविवार
सुकन्याने वेणी कापली. केस धुण्यात अभ्यासाचा वेळ जातो म्हणे. कमरेपर्यंत होती. गीतांजलीने फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. आज एक ओळ लिहिली नाही.
ठरलं. पुढच्या रविवारी उमरीला जाऊन दादांना स्पष्ट सांगणार.

१३ जुलै, रविवार
उमरीला गेलो. वाक्य तयार होतं: दादा, मी पोरीला परत आणतोय. चहा पिताना दादांनीच विचारलं, काय रे शिवा, काही बोलायचं हाय का? मी म्हणालो, यंदा पाऊस कमी आहे. दादा म्हणाले, हाव, लई कमी. विषयाला सुरुवात तर झाली.
येताना फ्लेक्ससमोर थांबलो. एका कोपऱ्याची दोरी सुटून सुकन्याचा चेहरा दुमडला होता. बांधून आलो.

२७ जुलै, रविवार
सुकन्या नीट जेवत नाही. घास गिळत नाही म्हणाली. नायकालाही तिसऱ्या प्रकरणात असंच होतं, पण ते मी लिहिलेलं आहे. हे खरं आहे. मला भीती वाटते. रोजनिशीत लिहायला हरकत नाही, फार भीती वाटते.
गीतांजली म्हणाली, मी जाते आन् आणते लेकराला. मी तिला थांबवलं. अशा वेळी बापाने जायला हवं. दहा तारखेला क्लासमध्ये पालक मेळावा आहे. तिथेच, सगळ्यांदेखत सांगणार. विसावं प्रकरण मी आधी जगणार, मग लिहिणार.

१० ऑगस्ट, रविवार
पहाटेची एसटी. रस्ताभर वाक्य म्हणत गेलो: मी माझ्या मुलीला घरी नेतोय. लोहा येईपर्यंत मनात. अहमदपूरपर्यंत आवाज मोकळा झाला. शेजारच्या बाईने जागा बदलली.
मेळाव्यात क्लासच्या सरांनी माईकवर माझंच नाव घेतलं. ग्रुपवर सगळे पालक रोज तक्रारी टाकतात, एकट्या माझी एकही नाही, म्हणून 'आदर्श पालक'. शाल, नारळ, हार. सर म्हणाले, दोन शब्द बोला. माईक हातात आला. समोर पालक, मागच्या रांगेत सुकन्या. मान फार बारीक दिसत होती. ती माझ्याकडे असं बघत होती, जसं लहानपणी जत्रेत हरवल्यावर सापडली तेव्हा बघितलं होतं.
मी म्हणालो, सरांचे आभार.
टाळ्या झाल्या. सगळे थांबले तरी सुकन्या वाजवत होती. मुलं समजून घेतात.
मुलीला आणायला गेलो होतो, नारळ घेऊन आलो.

१७ ऑगस्ट, रविवार
सुकन्याचा फोन. बरी आहे. जेवले. ठेवते. एवढंच. घेऊन जा म्हणाली नाही. वेळ शिल्लक राहिला. मी म्हणालो, बघ, पोरगी किती समंजस झाली! गीतांजली उठली आणि पिशवी भरायला लागली. मी म्हणालो, दादांना आधी विश्वासात घ्यावं लागेल. तिने माझ्यासमोरच फोन लावला. मामा, तुमचं ते फ्लेक्स काढा, मी लेकराला घरी आणून राहिले. दादा म्हणाले, हाव बाई, आण. लेकरापरीस फ्लेक्स मोठं हाय का?
मग विचारलं, शिवा कामून बोलला न्हाई आधी?
फोन स्पीकरवर होता.

१८ ऑगस्ट, सोमवार
संध्याकाळी दोघी आल्या. सुकन्या दोन घास वरण-भात जेवली. तिसरा खाताना रडली, पण खाल्ला. मग मला विचारलं, पप्पा, तुमच्या कादंबरीतला तो माणूस बोलतो का शेवटी? मी म्हणालो, विसाव्या प्रकरणात. तिने विचारलं, आता कितवं चालू आहे? मी म्हणालो, चौथं. हाव, म्हणाली आणि आडवी झाली.
मला तिला सांगायचं होतं की चुकलं माझं. ओठापर्यंत आलं होतं. उठून ती आदर्श पालकाची शाल तिच्या अंगावर घातली. तिने ती काढून, नीट घडी करून बाजूला ठेवली आणि आईकडे चादर मागितली.
'उकडत असेल', असं आत्ता इथे लिहिलं होतं. खोडलं.