सुईने खाल्लेले दोन सूर

५ नोव्हें., बुधवार

पार्सल अजून नागपुरातच. ट्रॅकिंग पाहून पाहून मोबाइल तापला. मंदा म्हणाली, "पोरीला पाहायला पाहुणे यायचे होते तेव्हा नाही एवढी वाट पाहिली तुम्ही." बायको आहे, बोलणारच.

लूप लाइन फाइव्हचा रीइश्यू. नागपूरच्या रेल्वे कॉलनीत नाचाच्या हॉलमध्ये जॅझ वाजवणारे पाच जण. पदरमोड करून एकच एलपी काढली आणि पांगले. ती माझ्याकडे आहे. गोंदियाच्या भंगारात सापडली तेव्हा माझे केस काळे होते. काठाला चीर आहे, आणि तिसऱ्या गाण्यात पियानो चढत जातो तिथे सुई उडी मारते, दोन सूर खाऊन टाकते. इतकी वर्षं ते दोन सूर काय असतील याचा विचार करून राहिलो. आंघोळीला बसलो की गुणगुणून पाहतो, कधी असे, कधी तसे. आता युरोपातल्या एका छोट्या कंपनीने रेकॉर्ड पुन्हा काढली. म्हणजे कुठेतरी धड टेप सापडली असणार. वेबसाइटवर नमुना आहे, पण ऐकणार नाही. ऐकायचं तर अख्खं.

एक गंमत. मोरेश्वरने मागवलीच नाही. अर्जुनी मोरगावचा मोरेश्वर, रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर, अख्ख्या जिल्ह्यात माझ्याशिवाय जॅझ ऐकणारा हा एकच प्राणी. दर रविवारी फोन स्पीकरवर ठेवून दोघं एकच रेकॉर्ड ऐकतो. आणि याला लू.ला. नको? "तूच ऐक गा," म्हणाला, आणि धान चुरण्याच्या, मळणीच्या गोष्टी काढल्या. त्याच्याकडे दोन एकर पण नाही.

८ नोव्हें., शनिवार

आली. दुकानातच फोडली. गिऱ्हाईक उभं, "सेठ, रबर रोल निकालो ना." म्हटलं, थांब बाबा, चाय पी. त्यानं चहा प्यायला आणि दुसऱ्या दुकानात गेला. जाऊ दे. राइस मिलचं सामान उद्याही विकलं जाईल.

घरी येऊन लावली. पहिलं गाणं स्वच्छ. दुसरं स्वच्छ. तिसरं. पियानो चढतो, चढतो आणि

उडी.

खुर्चीतून उठलो. सुई उचलून परत ठेवली. परत उडी. नवीकोरी प्लेट, अंगावर एक ओरखडा नाही, आणि उडी माझी. त्याच जागी, तेच दोन सूर गायब.

पहिल्या गाण्याला कान लावला. काठाच्या चिरेची टकटक त्यांनी बरीच साफ केली आहे, तरी खालून येतेच. कव्हरच्या मागे बारीक अक्षरात छापलंय की टेप मिळाली नाही, भारतात सापडलेल्या एकमेव प्रतीवरून हे काढलं.

एकमेव प्रत. ती तर माझी आहे. बिरशीला दादाच्या घरी वरच्या खोलीत ठेवलेली, खाकी कागदात. गोंदियाच्या घराचं काम काढलं तेव्हा जुन्या रेकॉर्ड तिकडे नेल्या, त्या तिकडेच राहिल्या. तिचं कव्हर तेवढं इथे फ्रेम करून दुकानात लावलंय.

मंदाने विचारलं, काय झालं, कोणी गेलं का? मी सुई उचलून परत तिसऱ्या गाण्यावर ठेवली.

९ नोव्हें.

मोरेश्वरच. दुसरं कोण असणार? दोन वर्षांपूर्वी त्यानं प्लेट नेऊन कॉम्प्युटरवर उतरवून दिली. तो आवाज जगात फक्त आम्हा दोघांकडे. मी कुणाला दिला नाही. उरला कोण?

आज रविवार. त्याचाच फोन यायचा, त्याच्या आधी मी केला. रामराम पण नाही.

"तुले किती देल्ले त्यायनं?"

"कोनं?"

"नाटक नोको करू बे. लू.ला.ची कॉपी तुझ्याजवळच हाय."

मागे त्याच्या बायकोचा कपडे धुण्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "तुले असं वाटते?"

म्हटलं, वाटत नाही, पक्कं माहीत आहे. आणखी पुष्कळ बोललो. त्याच्या मास्तरकीवर बोललो, पेन्शनीवर बोललो. लिहायला नको ते सगळं. "बरं," म्हणाला आणि ठेवून दिला.

नाही म्हणाला नाही. एकदा पण नाही. म्हणून तर मागवली नव्हती साहेबांनी. चोराच्या मनात चांदणं.

मंदा दारात उभी होती. तिनं कपाळाला हात लावला आणि आत गेली.

११ नोव्हें.

ओरिजिनल आणून कंपनीला फोटो पाठवायचा, नाकावर टिच्चून सांगायचं की मालक मी आहे, असं ठरवून बिरशीला गेलो. दादा शेतावर. वहिनी माहेरी, चिचगडला, भावाकडे धानकापणी. गावाजवळ धावपट्टी आहे, वर विमान शिकणाऱ्या पोरांच्या घिरट्या चालू, डोक्यात भणभण.

वरच्या खोलीत प्लेट नाही.

कपाट काढलं, कपाटामागे पाहिलं, गहू ठेवायच्या कोठीत हात घातला. बाकीच्या सगळ्या आहेत, एकूण एक. तीच नाही. जमिनीवरच बसलो. दादा आला, म्हणाला, "मले काय मालूम तुमच्या बाज्याचं." चिचगडकडे वहिनीचा फोन लागत नाही, रेंजच नाही तिकडे.

मग आठवलं. मागच्या दिवाळीत मो. माझ्यासोबत इथे आला होता. मी खाली दादाशी बोलत बसलेलो, हा एकटाच वर. म्हणजे आवाज नाही, अख्खी प्लेटच उचलली. तीस वर्षांचा दोस्त. माझ्या पोरीच्या लग्नात पंगतीत वाढत फिरला हा माणूस.

बसस्टॉपवरून त्याला मेसेज टाकला. एकच शब्द. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर नाही.

१४ नोव्हें.

उत्तर नाही. दुकानात मन लागत नाही. गिऱ्हाइकाला बेल्ट चुकीचा दिला, तो परत आला, त्याच्यावरच ओरडलो.

कंपनीला लिहिलं की तुम्हाला प्लेट कुणी दिली, नाव सांगा. अजून तिकडूनही काही नाही.

१६ नोव्हें., रविवार

फोन नाही. मी पण केला नाही. कायले करू?

बसल्या बसल्या एक रेकॉर्ड लावली. चांगली होती. ऐकून "आता ऐक, आता ऐक" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. बंद केली.

१९ नोव्हें.

काय लिहू, कसं लिहू.

वहिनी चिचगडहून आली, दादाने सांगितलं असणार, तिनं स्वतःच फोन केला. "भाऊजी, तुमचा तो तवा धुंडून राहिले का तुमी?"

म्हटलं, तवा नाही वहिनी, रेकॉर्ड. गाण्याची.

"तोच त. काठाले चिरलेला. म्या तुमालेच इचारलं होतं जी. मागच्या नाही, त्याच्या आधीच्या पोळ्याले."

आणि मला आठवलं. सगळं, जसंच्या तसं. पोळ्याचा दिवस, दुकानात गर्दी, फोन खांद्यात धरून मी नट मोजत होतो. वहिनी म्हणाली, "वरच्या खोलीत एक तवा हाय, चिरला हाय. ठेवू का मारबतीत देऊ?" मी म्हटलं, "चिरलेला तवा घरात कायले ठेवता वहिनी. देऊन टाका." आणि वरून हे पण म्हटलं की फुटकं-तुटकं घरात ठेवू नये, आई सांगायची.

मला वाटलं भाकरीचा.

आमच्या घरी बाबा रेकॉर्डला तवाच म्हणत. जुनी माणसं सगळी तवाच म्हणतात. वहिनी लग्न होऊन आली तेव्हापासून बाबांचं ऐकलेली, तिला दुसरा शब्द कुठून माहीत असणार? मीच गोंदियात येऊन एलपीवाला झालो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गावाची पीडा घेऊन जाणारी मारबतीची पुतळी निघाली. वहिनीने घरातली फुटकी सुपं, झाडू, तुटकी चप्पल आणि माझी लूप लाइन फाइव्ह एका टोपल्यात घातली, "ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत गावाबाहेर टाकून आली. म्हणे भंगारवाला तिथे उभाच होता. त्यानं काळा तवा पाहिला, उलटापालटा केला आणि पोत्यात टाकला. पुढे नागपूर असेल, तिथून कुठे कुठे.

"चूक झाली का जी?" वहिनी विचारत होती. आवाज बारीक झालेला. म्हटलं, नाही वहिनी. तुमची नाही.

ठेवला फोन आणि शटर अर्धं ओढून आत बसलो. प्लेट गेली त्याचं काही वाटत नाही, हेच नवल. मो.ला पाठवलेला तो एक शब्द डोळ्यांपुढून हलत नाही. पुसायला मोबाइल काढला, पण त्यानं वाचून झालाय. पुसून काय होणार?

२० नोव्हें.

माफीचा मेसेज लिहिला, खोडला. परत लिहिला. मंदा म्हणाली, "शिवी फोनवर दिली, माफी पण फोनवरच मागता का? गाडीत बसा आणि जा."

२२ नोव्हें., शनिवार

अर्जुनीला जाऊन आलो.

मो. ओसरीवर बसला होता, चष्मा पुसत. उठला नाही. "बस," म्हणाला. मी सगळं सांगून टाकलं, तवा, मारबत, वहिनी, माझं तोंड. कान पकडले, खरंच पकडले, या वयात. तो तव्याच्या गोष्टीवर हसेल असं वाटलं होतं. हसला नाही.

मग तो बोलला ते इथे लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच बदलून टाकीन.

"म्या तो नमुना भादव्यातच आयकला होता. उडी आली न समजलं, हे दिलीपची प्लेट हाय. मले वाटलं तूच इकली."

मी? मी कशी विकणार?

"घराचं काम काढलं होतं तू. वाटलं, अडला असन, लाजत असन सांगाले. म्हनून इचारलं नाही. मागवली बी नाही. सोबत आयकलो असतो न उडी आली असती, त तुले मान खाली घालावी लागली असती माह्यासमोर."

मी पाहतच राहिलो. इतके महिने हा माणूस मला प्लेटविक्या समजत होता, आणि दर रविवारी तरी फोन करत होता, हसत होता, मला सांभाळून घेत होता. आणि माझी लाज राखायला धान चुरण्याच्या गोष्टी काढणाऱ्या या माणसाला मी चोर म्हटलं.

"तू इचारलं असतं त म्या नाही म्हटलं असतं," तो म्हणाला. "तू इचारलंच नाही गा. तू सांगतलं."

म्हटलं, चुकलो. म्हणाला, "हो." राग नव्हता आवाजात. राग असता तर बरं झालं असतं, रागावलेल्या माणसाशी भांडता येतं.

त्याची बायको आतून डोकावली, "पाहुन्यायचं पान वाढू का?" तिनं मला पाहुणा म्हटलं. मो. चष्मा पुसत राहिला. मीच म्हटलं, नको, गाडीची वेळ झाली.

गाडीला भरपूर वेळ होता. स्टेशनवर उपाशीच बसून राहिलो. निघताना फाटकापर्यंत तो सोडायला आला नव्हता, पण वळून पाहिलं तेव्हा ओसरीवर उभा होता. हात केला की डोळ्यांवर उन्हाची तिरीप आली म्हणून आडवा धरला, ते इतक्या दुरून कळलं नाही.

उद्या रविवार आहे.