यंदाचं सोडणं

बेलापूर, ता. श्रीरामपूर
८ मार्च २०२५

ती. वन्सं यांना,
सविताचा सा. सलाम, वि. वि.

तुमचा मोबाईल यंदाही ईस्टरपर्यंत कॉन्व्हेंटच्या कपाटात गेला, हे कळलं. दरवर्षी उपवासकाळात मोबाईल तुम्ही सोडता आणि शिक्षा आम्हाला होते. पत्र लिहायचं म्हणजे पेन शोधण्यापासून सुरुवात. निकीने तिचं जेल पेन दिलंय, ते जांभळं निघालं, तरी सांभाळून घ्या.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. पण ठीक नाही.

राखेच्या बुधवारी उपवासकाळ लागला, तेव्हा आम्ही सगळे चर्चमध्ये संध्याकाळच्या मिस्साला गेलो. कपाळाला राख लावून घरी आलो. मी पिठलं-भाकरी करून ठेवली होती. तुमच्या वडिलांनी घालून दिलेली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. भाकरी मोडण्याआधी ज्याने त्याने ह्या उपवासकाळात काय सोडणार ते सगळ्यांसमोर बोलायचं, मगच घास घ्यायचा. आईंनी नेहमीप्रमाणे मिश्री सोडली. म्हणजे आता सहा आठवडे परीक्षा आमचीच, कारण मिश्री नसली की त्यांना भांड्याचा आवाजसुद्धा शिवीसारखा लागतो. निकीने रील्स आणि चिप्स सोडले. मी गोड सोडलं. मग तुमच्या भावाची पाळी आली. ह्यांनी भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि खाल्ली. बोलले काहीच नाहीत.

आईंनी विचारलं, काय रं शांतवन, तुजं सोडनं? तर म्हणाले, जेव गं तू.

वन्सं, माझा घास हातातच राहिला. लग्न झाल्यापासून दरवर्षी ह्या दिवशी ते एकच शब्द बोलतात, दारू. आणि एकदा बोलले की ईस्टरच्या सकाळपर्यंत थेंबाला शिवत नाहीत. बाकीचं वर्ष कसं जातं ते मी तुम्हाला कधी पुरतं सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पण ते सहा आठवडे माझे असतात. घराला चुना मी तेव्हाच देते. निकीच्या शाळेत हे तेव्हाच येतात. माझी आई श्रीगोंद्याहून येते तीही तेव्हाच, कारण एरवी तिने येऊन बघावं असं माझं घर नसतं. लोकांची दिवाळी असते, माझा उपवासकाळ असतो. ईस्टर जवळ आला की मला धडकी भरते. सगळं चर्च आनंदाची गाणी म्हणत असतं आणि मी मनात म्हणते, प्रभू अजून आठवडाभर कबरेत राहिला असता तर. हे पाप आहे, फादरांना सांगून झालंय.

यंदा तेही गेलं की काय? आईला तर मी ह्याच महिन्यात बोलावून बसलेय. दुकानात उन्हाळ्याची गर्दी आहे. गावोगावच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी रिवाइंडिंगला येऊन पडल्यात, त्यामुळे हे आम्ही झोपल्यावर येतात आणि बाहेर ओट्यावरच आडवे होतात. घेतली की नाही हे कळायला एकच मार्ग, सकाळी शर्टाचा वास. तो मी घेते. अजून आलेला नाही. पण बोललेच नाहीत, तर मी कशाच्या भरवशावर राहू? तुमचं ते ऐकतात. चार ओळी लिहा त्यांना.

निकी तुमची आठवण काढते. तुमच्या जपात आमच्या घराचं नाव असू द्या.
आपली,
सविता


केडगाव, अहिल्यानगर
१३ मार्च २०२५

चि. सौ. सविता हिस,
अ. उ. आ.

जांभळ्या शाईचं पत्र पोचलं. उपवासकाळाचा रंग जांभळाच असतो, तेव्हा निकीचं पेन अगदी नियमात बसतं. तिला माझी शाबासकी सांग.

आईच्या मिश्रीचं काय घेऊन बसलीस? इथे आमच्या सुपीरियर सिस्टरनी चहा सोडलाय. सकाळच्या प्रार्थनेला होस्टेलच्या मुलीच काय, चिमण्यासुद्धा दबकत येतात. मी फक्त दुसरा कप सोडलाय. पहिला सोडण्याइतकी माझी अजून योग्यता नाही.

आता शांतवनचं. तो गप्प बसला ह्याचं मला तुझ्याएवढं भय वाटलं नाही, उलट थोडं बरंच वाटलं. तोंडाने बोललेलं सगळंच मनातून आलेलं असतं असं नाही. त्याला त्याच्या वाटेने जाऊ दे.

तू गोड सोडलंस म्हणतेस. अगं, तुला गोड आवडत कुठे होतं? ते काही सोडणं नव्हे. मी सुचवू? तू त्याच्यावर पाळत ठेवणं सोड. शर्ट हुंगणं, खिसे चाचपणं, दुकानाशेजारी फोन करून चौकशा करणं, ईस्टरपर्यंत सगळं बंद. तुला जड जाईल, म्हणूनच सांगते. त्याच्या काळजीने तू सुकून चालली आहेस, मागच्या वेळी तुझे गाल बघवत नव्हते. देवावर टाकायचं तर पुरतं टाकावं. अर्धं आपल्या मुठीत धरून ठेवलं तर ते टाकणं कसलं?

दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेत चौदा विसाव्यांतला एक माझ्याकडून तुमच्या घरासाठी असतो. प्रकृतीला जप, आणि ह्या म्हातारीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
सि. करुणा


बेलापूर
२३ मार्च २०२५

ती. वन्सं यांना,
सा. सलाम, वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं मी केलं. शर्ट न हुंगता सरळ बादलीत टाकायला लागले. पहिले दोन दिवस हात नुसता वळवळत होता, मिश्री सुटलेल्या आईंसारखाच. मग सवय झाली. हे कधी आले, कसे आले ते बघायचं नाही, म्हणून मी भिंतीकडे तोंड करून झोपू लागले. विचारायचं नाही, म्हणून बोलणंच कमी झालं. मला वाटलं, हेच ते देवावर टाकणं.

माझी आई मंगळवारी आली. बुधवारी रंगपंचमी होती. भर दुपारी हे दुकानाशेजारच्या पोरांबरोबर रंगून आले, आणि नुसते रंगाने नव्हे. वास घ्यायची गरजच पडली नाही. आई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. तिच्यासमोर ह्यांनी मला जे शब्द वापरले ते मी कुठल्याच शाईने लिहिणार नाही. आई मध्ये पडायला उठली, तर तिच्यापुढचं सूप लाथेने उडवलं. निकी आजीला बिलगली होती. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आई गेली. जाताना एवढंच म्हणाली की, बाई, मला आजवर वाटायचं तुजं बरं चाललंय. इतकी वर्षं मी तिला उपवासकाळातलाच जावई दाखवला होता. ते एका दुपारी संपलं.

हे शुद्धीवर आले तेव्हा मी विचारलं. पाळत सोडणं गेलं खड्ड्यात, विचारलंच. यंदा भाकरीवर का बोलला नाहीत म्हणून. तर म्हणाले, ताईनंच सांगितलंय नाताळात. तारीख लावून सोडायची असंल तर सोडूच नको म्हनली. देवाला चाळीस दिवस उसने देतोस आन ईस्टरला व्याजासकट वसूल करतोस म्हनली.

वन्सं, हे तुम्ही बोललात? आणि मला त्यातलं एक अक्षर नाही? माझं पत्र वाचल्यावरसुद्धा नाही?

तुम्ही मोठ्या आहात, देवाच्या सेवेत आहात, म्हणून हात जोडून लिहिते, पण लिहिते. तुमचं म्हणणं धर्माने सोळा आणे खरं असेल. पण ते खरं तुमच्या कॉन्व्हेंटमध्ये राहायला येत नाही, माझ्या घरी येतं. तुमच्याकडे घंटा झाली की दार लागतं. माझ्याकडे दार मलाच उघडावं लागतं. ते सहा आठवडे खोटे होते तर होते, पण त्यात माझी पोर मोठ्याने हसायची. ते तुम्ही कोणाला विचारून काढून घेतलेत?

रागावलात तरी चालेल. सलामापलीकडे आज काही लिहवत नाही.
सविता


केडगाव
२८ मार्च २०२५

चि. सौ. सविता हिस,
अ. उ. आ. (आशीर्वाद द्यायचा हक्क आज मला आहे की नाही कोण जाणे. सवयीने लिहिला गेला, राहू दे.)

रागावले नाही. तुझं पत्र प्रार्थनेला घेऊन बसले आणि प्रार्थना झाली नाही.

होय, मी बोलले. नाताळच्या रात्री तो गव्हाणीच्या देखाव्यापुढे झिंगून उभा होता, आणि लोक मला सांगत होते, काही म्हणा सिस्टर, उपवासकाळ मात्र कडक पाळतो तुमचा भाऊ. मला संताप आला. वाटलं, ही वर्षातली सहा आठवड्यांची काठी काढून घेतली तर तो आपल्या पायावर उभा राहील. त्याच काठीला टेकून तू आणि निकी उभ्या आहात, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तुझं पहिलं पत्र आल्यावर आलं, पण तेव्हा लाज वाटली. सांगायचं सोडून मी तुलाच उपदेश केला.

सोबत शांतवनला चिठ्ठी आहे. आजच भाकरी मोड आणि बोल, असं त्याला लिहिलंय. ईस्टरपर्यंत तर ईस्टरपर्यंत. मी यायला रजा मागितली होती, पण मुलींच्या परीक्षा चालू आहेत, होस्टेल सोडता येत नाही. मात्र एक लक्षात ठेव. त्याने तुझ्यावर हात उचलला, तर निकीला घेऊन सरळ इकडे ये. कोणाची परवानगी विचारू नकोस, माझ्या आईचीही नको.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.
तुझी,
सि. करुणा


बेलापूर
६ एप्रिल

तायडे, सलाम.

मी पत्र लिवत नाही तुला माहीत आहे. बिलाच्या मागच्या बाजूला लिहितोय. आईनं मिश्री नाही म्हणून सकाळी मांजराला चप्पल मारली, बाकी तब्येत चांगली आहे.

तुझी चिठ्ठी सवितानं दिली. नाताळात म्हनली तारीख लावू नको, आता म्हनती लाव. मी मोटार असतो तर एव्हाना जळून तुझ्या भावाच्याच दुकानात आलो असतो.

तुझ्यावर राग नाही. तू बोलली ते लागलं कारण खरं होतं. दर साली मला समोर ईस्टर दिसत असतो. ईस्टरच्या आधल्या पाम संडेपासून तर मी मिस्सात बसून बाटलीच बघत असतो. म्हणून यंदा भाकरीवर बोललो नाही. मनात धरलं, बोलायचं नाही, तारीख नाही, फक्त आज घ्यायची नाही. राखेच्या बुधवारपासून रंगपंचमीपर्यंत घेतली नव्हती तायडे. थेंब नाही. दुकान उशिरापर्यंत उघडं ठेवायचो, कारण शटर पाडलं की पाय तिकडं वळायचे. कुणाला माहीत नव्हतं. पण सविता सकाळी शर्ट बघती, तिला कळत असंल, एवढ्यावर चाललं होतं. मग एक दिवस बघितलं तर तिनं शर्ट न बघता बादलीत टाकला. दुसऱ्या दिवशी पण तसंच. मला वाटलं हिनं आपला नाद सोडला. आपन पिलो काय आन न पिलो काय, हिला आता एकच. रंगपंचमीला पोरांनी ग्लास पुढं केला तेव्हा हेच डोक्यात होतं.

तिच्यावर ढकलत नाही. घेतली मी. सासूसमोर तमाशा केला तो पण मीच. तिला तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

भाकरीवर आता बोलणार नाही. बोललो की तारीख येती. हे सविताला कळवू नको, तिला लागंल. तू आहे तिथं बरी राहा, आणि आमच्याकडं बघायचं सोडू नको.
तुझा,
शांतवन


बेलापूर
२७ एप्रिल २०२५

ती. वन्सं यांना,
सा. सलाम, वि. वि.

मोबाईल कपाटातून बाहेर आला असेल, तरी पत्रच लिहिते. हे फोनवर सांगायला मला जमणार नाही.

त्यांचं पत्र तुम्ही मला तसंच पाठवून दिलंत, त्यांनी नको म्हटलं असूनही. बरं केलंत. वाचून मी रडले आणि मग मला भयंकर राग आला. आम्ही दोघं एका छपराखाली आपापलं पुण्य करत होतो. ते न बोलण्याचं, मी न बघण्याचं. आणि ज्या दिवसांसाठी मी वर्षभर जीव टाकते, ते दिवस माझ्या पाठीमागे चालले होते आणि मी भिंतीकडे तोंड करून निजले होते.

झावळ्यांच्या रविवारी, पाम संडेला, मिस्सा झाल्यावर मी त्यांना तोंडावर सांगितलं की माझं सोडणं मी मोडलं. आजपासून रोज बघणार आणि रोज विचारणार, तुम्हाला आवडो न आवडो. आणि निकीच्या देखत पुन्हा तसं बोललात किंवा पाय उचललात, तर आम्ही दोघी केडगावला जाऊ, पिशवी भरून ठेवली आहे. पिशवी खरंच भरून ठेवली आहे, वन्सं. ते खाली बघून ऐकत होते. शेवटी फक्त म्हणाले, इचार.

पवित्र आठवडा कोरडा गेला. ईस्टरला दुपारी मटणाचा वास सुटला तसा त्यांचा दोस्त बिभीषण आला. दरवर्षी तोच येतो ह्यांचा उपवास सोडवायला. पिशवीत काय होतं ते सांगायला नको. मी चुलीपाशी होते. हे उठून दारापर्यंत गेले आणि त्याला म्हणाले, बिभीषणा, यंदा मी काई सोडलंच न्हाई, मग सुटायचं काय? तो हसला, थोडा वेळ रेंगाळला आणि गेला. ईस्टरचं जेवण मी पहिल्यांदा सगळ्यांच्या पंक्तीला बसून जेवले. आईंनी तर आधी मिश्री लावली आणि मग मटण मागितलं.

पत्र इथेच संपवावं असं वाटतं. पण अर्धं सांगण्याने आपल्या घरात काय झालं ते आपण बघितलंय. गुरुवारी त्यांनी घेतली.

दिवेलागणीला आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, आज घेतली. आवाज खाली होता. निकी अभ्यासाला बसली होती, तिनेही ऐकलं. वन्सं, पिऊन आलेल्या ह्यांनी आपणहून तसं सांगितलेलं मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. काय करावं मला कळेना. ओरडावं तर तोंड उघडेना, माफ करावं तर मन होईना. तेवढ्यात आईंनी आतून विचारलं, कोन आलंय गं? मी म्हटलं, निकीचे पप्पा आलेत. मग बाजूला झाले आणि त्यांना आत येऊ दिलं. ते जेवले आणि झोपले.

शुक्रवारी घेतली नाही. काल नाही. आज रविवार आहे, दुकान बंद, तरी मघाशी कोणाची तरी मोटार बघून येतो म्हणून गेलेत. ऊन उतरलंय. मी दारात बसून लिहितेय आणि रस्त्याकडे बघतेय.

उत्तर पत्रानेच द्या. मागच्या वेळी तिखट लिहिलं त्याची क्षमा मागत नाही, पण तुमच्यावरचा लोभ तसूभरही कमी झालेला नाही, तुम्हीही करू नका.
तुमचीच,
सविता