ट्रेबलचं बटण

बाबा,

तुमचा अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा वाजायला लागला आहे. एवढं कळवायला म्हणून लिहायला बसले, पण सांगायचं आहे ते दुसरंच. ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी बोलताना भीड वाटत नाही, म्हणून तुमच्यापासून सुरुवात करते.

तुमच्या मागे तो दिवेआगरच्या घरात, माजघरातल्या फळीवर, आईने शिवलेल्या खोळीत पडून होता. आई होती तोवर खोळ काढून पुसायची, पण चालू तिने कधी केला नाही. म्हणायची, "त्याला तुज्या बापाचा हात ठावा हाय, माजा न्हाय." वादळात पडवीचे पत्रे उडाले, वाडीतल्या निम्म्या सुपाऱ्या आडव्या झाल्या, तरी माजघरात पाणी आलं नाही आणि तो कोरडा राहिला. मी अलिबागहून सुट्टीला गेले की त्याच्याकडे बघायची आणि पुढच्या खेपेला नेऊ म्हणायची. फार जड आहे, हे कारण पुरत होतं.

यंदा तुमच्या नातवाला नवी मुंबईत नोकरी लागली आणि त्याने मला नवा अ‍ॅम्प्लिफायर आणून दिला. काळा, एखाद्या जाड पुस्तकाएवढा, एका हातात उचलता येतो. कितीही वेळ वाजवा, तापत नाही. फोनवरचं गाणं वायरीशिवाय घेतो, आवाज रिमोटने कमीजास्त होतो. पुढे एकच बटण, आवाजाचं. मी विचारलं, "बेस आणि ट्रेबल कुठे आहेत?" तो म्हणाला, "नसतात आई. चांगल्या अ‍ॅम्पमध्ये आता मुद्दाम ठेवत नाहीत. रेकॉर्डिंग आहे तसं ऐकायचं." मला हसू आलं, कारण हे तर तुमचंच वाक्य.

आठवतं का? मी कॉलेजात होते, मैत्रिणी आल्या होत्या आणि त्यांच्यासमोर मिरवायला मी बेसचं बटण पार शेवटाला नेलं होतं. खिडकीची तावदानं थरथरत होती. तुम्ही बोटीवरून सुट्टीवर घरी आला होतात. आत आलात, मैत्रिणींसमोर नुसतं बटण परत फिरवलंत. जाड आवाजाचं बेस, उंच आवाजाचं ट्रेबल, दोन्ही बटणांना मधोमध एक खाच होती. तिथे आलं की बोटाला टक असं लागायचं आणि तसा बारीक आवाजही यायचा. मैत्रिणी गेल्यावर म्हणालात, "बाय, गाणाऱ्याने गायलंय तसं ऐकावं. आपली अक्कल त्यात घालू नये. बटणं खाचेतच राहिली पाहिजेत." तुम्ही रागावून बोलत नसायचात, त्यामुळे ते जास्त लागायचं. त्यानंतर आमच्या घरात ती बटणं कुणी हलवली नाहीत. निदान मला तसं वाटत होतं.

तुमचा नातूच म्हणाला, "आजोबांचा आणि हा शेजारी शेजारी ठेवून ऐकू. बघूया कोण जिंकतं." मग आम्ही तो दिवेआगरहून उचलला आणि वाटेत बोर्लीला दुरुस्तीवाल्याकडे टाकला. मिक्सर, पंखे, टीव्ही सगळंच दुरुस्त करणारा माणूस आहे. झाकण उघडून म्हणाला, "ताई, यात मुंग्यांनी संसार मांडलाय. भाडं घेतलं का न्हाय?" काही आठवड्यांनी घ्यायला गेलो तेव्हा तो पिवळा दिवा लागलेला होता आणि दोन्ही काटे आवाजाबरोबर हलत होते, अगदी तुमच्या वेळेसारखे. आत नवे कपॅसिटर घातले होते. तुमच्या नातवाकडे बघून तो म्हणाला, "बाकी समदं ठीक हाय, पण ह्यो ट्रेबल पार शेवटाला जाऊन गंजला व्हता. सुटता सुटेना. असं कोण ऐकत व्हतं हो? घरात वटवाघूळ पाळलंवतं का काय?" दोघंही हसले. मीही हसले. पण गाडीत बसल्यावर हिशेब लागला. तुमच्यानंतर त्याची बटणं कुणी फिरवली नव्हती. ते बटण तिथे तुम्हीच ठेवलं होतं.

रविवारी दुपारी आम्ही ऐकायला बसलो. स्पीकर तेच, सीडी तीच, फक्त वायरी या अ‍ॅम्प्लिफायरच्या काढून त्याला लावायच्या. एका बाईंनी गायलेला भूप होता, त्यानंतर तुमच्या आवडीची भीमगीतं. तुमच्या नातवाने अगदी परीक्षकासारखे गुण द्यायला घेतले. नव्यात म्हणे मागची शांतता जास्त, तंबोऱ्याची तार न् तार सुटी ऐकू येते, बाई श्वास घेतात तोही कळतो. तुमच्यात मागे बारीक गुणगुण आहे, तबल्याचा डग्गा जरा पसरतो, पण गाणाऱ्या बाई खोलीत येऊन बसल्यासारख्या वाटतात, आणि आवाज लहान ठेवला तरी गाणं भरलेलं राहतं. "डोक्याला विचारशील तर नवा," तो म्हणाला, "पण तासभर बसून ऐकायचं तर आजोबांचा. तुला काय वाटतं?"

मला काय वाटलं ते सांगते. मला नव्यात तंबोरा ऐकूच आला नाही. बाईंचा आवाज येत होता, पण तोंडावर पदर धरून गायल्यासारखा. वाटलं, नवं यंत्र आहे, असेल असंच. मग तुमचा लावला, बटणं खाचेत. बाई जवळ आल्या, हे खरं, पण पदर तसाच. मी म्हटलं, "दोन्ही छान आहेत." तो चहा टाकायला आत गेला. मी उठले आणि ट्रेबलचं बटण हळूहळू फिरवत गेले. अर्ध्यावर काही झालं नाही. शेवटाला पोचलं, जिथे ते गंजलं होतं बरोबर तिथे, आणि तंबोरा आला. बाबा, सगळा आला. शब्दातले स आणि श आले, टाळ आले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतक्या वर्षांनी कुणी भेटावं तसं. तेवढ्यात तुमचा नातू आतून दोन्ही कान दाबून धावत आला. "आई! काय केलंस? कानात सुया टोचतायत!" मी घाईने बटण खाचेत आणलं. म्हटलं, "चुकून लागलं."

तेव्हापासून भीती आहे. ती कशी असते ते तुम्हाला सांगायला नको, पण तुम्ही कधी बोललाच नाहीत म्हणून मी सांगते. मी कोर्टात स्टेनो आहे, माझं सगळं काम कानावर. जज्जसाहेब समोर बघून सांगतात तोवर ठीक. ते मान वळवून फाइल चाळत बोलायला लागले की मला घाम फुटतो. त्यांचे ओठ दिसावेत म्हणून मी खुर्ची थोडी सरकवून घेतली आहे. पंख्याचा आवाज होतो असं सांगून. परवा त्यांनी हसत विचारलं, "मॅडम, आज लक्ष कुठे आहे?" मीही हसले. पण साक्षीतला एखादा 'नाही' माझ्या हातून सुटला तर समोर उभ्या माणसाचं काय होईल, हे मनातून जात नाही. घरी येऊन तेच ते आठवत बसते, कुठे काही सुटलं का ते. आणि काम गेलं तर मी कोण, हेही.

मागच्या महिन्यात दिवेआगरला गेले होते. शेजारच्या घरी पुण्याचे पाहुणे उतरले होते. त्यांतल्या एक बाई सकाळी वाडीच्या कडेला उभ्या होत्या. म्हणाल्या, "काय नशीबवान आहात हो, किती पक्षी बोलतात इथे!" मी वर बघितलं. पोफळींवर पाखरं होती, चोची उघडत मिटत होती. वादळानंतर आमच्याकडची पाखरं परतली नाहीत, असं मी कितीतरी जणांना सांगत आले आहे. ऑफिसातसुद्धा सांगितलं आहे. ती केव्हाच परतली होती.

तुमचे ते दिवस आता वेगळे दिसतात. बोट सोडून कायमचे घरी आलात तेव्हा विहारात तुम्ही पुढे बसून वंदना सांगायचात. मग मागे बसायला लागलात, खांबाशी. लोक म्हणाले, साधेपणा आला. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "भाकरी घेताव का?" उत्तर नाही. मग माझ्याकडे वळून म्हणायची, "बोटीने माणूस धाडला, कान बंदरातच उतरवून घेतले." आपण सगळे हसायचो, तुम्हीही. थोडं कमी ऐकू येतं, इंजिनरूममध्ये आयुष्य गेलं, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. किती कमी, ते कुणी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत. दुपारी तुम्ही दार लावून गाणी ऐकायचात. आम्हाला वाटायचं, बोटीवरच्या माणसाला एकटेपणाची सवय. दारातून कर्कश आवाज यायचा आणि आई म्हणायची, "पत्रा घासताय का काय?" मी दार ढकललं की आधी एक बारीक टक ऐकू यायचं, आणि मी आत येईपर्यंत गाणं नीट झालेलं असायचं. माझे कान तेव्हा चांगले होते. ते टक मला नेहमी ऐकू यायचं. कशाचं ते कळत नव्हतं. तुम्ही दाराकडे तोंड करून का बसायचात, तेही नाही. शेवटच्या दिवशी तुम्हाला त्या खोलीतून थेट दवाखान्यात नेलं. तेवढं बटण खाचेत आणायचं राहून गेलं.

इंजिनरूमला दोष द्यायची सोय होती, बाबा. मी तर कधी बोटीवर पाय ठेवला नाही. मग हे माझ्याकडे कुठून आलं? आणि माझ्याकडे आलं तर पुढे कुठे जाणार? तुमचा नातू दिवसभर कानात ते इयरफोन खुपसून फिरतो, आणि श्वास घेतलेला कळतो म्हणून खूश होतो. त्याला काय सांगू? सांगितलं तर तो प्रत्येक गाणं भीतभीत ऐकेल. नाही सांगितलं तर एक दिवस तोही कुठल्यातरी बटणाशी एकटा बसलेला असेल, आणि त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरला तर ते बटणच नाही. कानाच्या डॉक्टरांचा नंबर मी लिहून ठेवला आहे. फोन लावलेला नाही. तपासलं की ते खरं होईल, अशी भीती वाटते. तुम्हालाही असंच वाटत होतं का? एकदा तरी म्हणाला असतात.

इथवर काल लिहिलं होतं. काल शनिवार, तो दुपारच्या बोटीने यायचा होता. मी गाणी लावून, बटण शेवटाला नेऊन, तुम्हाला लिहीत बसले होते. फोन चमकला. त्याचा मेसेज होता, "आई, दार उघड ना, कधीपासून बेल वाजवतोय." मी आधी बटण खाचेत आणलं, मग दार उघडलं. तो म्हणाला, "बेल बिघडलीय का?" मी म्हटलं, "हो, कालपासून बंद आहे." आमची बेल चिमणीच्या आवाजाची आहे, त्यानेच आवडीने बसवलेली. त्याने पिशवी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत बघत बोट बेलवर दाबून धरलं. मी त्याच्या बोटाकडे बघत राहिले. समोरच्या दारातल्या काकूंनी बाहेर डोकावून विचारलं, "अरे, पुरे की! किती वाजवशील?"

बेल चालू होती, बाबा.

तो आत आला, अ‍ॅम्प्लिफायरपुढे बसला, आणि त्याने स्वतःच्या हाताने ट्रेबलचं बटण शेवटापर्यंत नेलं. एकदाही कानावर हात ठेवला नाही. तोंड वाकडं करून तसाच बसून राहिला, गाणं संपेपर्यंत. मग म्हणाला, "कानाच्या डॉक्टरांचा नंबर असेल तर दे. सोमवारी फोन मी लावतो."

नंबर मी त्याला दिला. हे पत्र मात्र तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या खोळीत ठेवणार आहे, तिथून ते कुठे जायचं नाही. आणि एक राहिलं. काल दार उघडण्याआधी बटण खाचेत आणलं तेव्हा टक झालं असणार. बोटाला लागलं. ऐकू आलं नाही.