सरपंच वहिनी आणि खोडलेलं 'निरंक'

प्रिय वहिनी,

आज घोडेगावला आम्हा अंगणवाडी सेविकांची बैठक होती. घरात बायकांना होणाऱ्या मारहाणीसाठी नवा कायदा आलाय, तो समजावून सांगत होते. साहेब म्हणाले, "मारहाण म्हणजे नवरा-बायकोचं खाजगी भांडण नव्हे." बाकीच्या पटापट लिहून घेत होत्या, मी नुसतीच बसून राहिले. हे मी आधी ऐकलं होतं गं! तुझ्या तोंडून, भर ग्रामसभेत. घरी आले तरी चैन पडेना. तुला सांगायचं तर आता एवढाच मार्ग उरलाय, म्हणून लिहायला बसले.

अवसरीहून तू आमच्या घरात आलीस तेव्हा मी शाळेत होते. दादा गावात शहाणा माणूस. बांधाचा वाद असो की सोयरीक, लोक त्याला बोलवायचे. आणि विहिरीवरची मोटर जळाली तरी तोच दादा हात उचलायचा तुझ्यावर! आई म्हणायची, "बाप्याची जात, रागात व्हतं." दुसऱ्या दिवशी तू पदर गालापर्यंत ओढून पाण्याला जायचीस. नळावर सगळ्यांना कळायचं. बोलायचं कुणी नाही.

पुढे माझं लग्न झालं, गावातच, वरच्या आळीत. आणि सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं. दादानंच तुला उभं केलं. "सही तिची, कारभार माझा," असं सगळ्यांदेखत म्हणाला. तूही हसलीस. तेव्हा काय चाललं होतं गं तुझ्या मनात?

ती ग्रामसभा मारुतीच्या देवळात होती. पंचायत समितीच्या एक मॅडम आल्या होत्या. गावातल्या बायकांची परिस्थिती सरकारला मोजायची होती. मुली शाळेत किती, जमीन बाईच्या नावावर किती, हे झालं. शेवटी मारहाणीचं आलं. ग्रामसेवक म्हणाले, "निरंक."

"निरंक म्हंजी?" तू विचारलंस.

"म्हणजे काही नाही, सरपंचबाई. आपल्या गावात असले प्रकार नाहीत."

तू खुर्चीवरून उठलीस. "न्हाई कसं? माझा नवरा मला मारतो. माझं नाव लिवा आधी. आन् ह्ये आमच्या घरातलं हाय म्हनून कुनी सांगू नका. मोजायला बसलाय न्हवं? मग खरं मोजा!"

दादा खांबाला टेकून बसला होता. उठला आणि कुणाकडे न बघता निघून गेला. मग मागून म्हाताऱ्या सुंदराकाकू म्हणाल्या, "माझं बी लिवा. म्हातारा मेला म्हनून काय झालं?" बायका हसल्या, हसता हसता रडल्या. एकेक उठत गेली. ग्रामसेवकांनी 'निरंक' खोडलं.

आईनं घर डोक्यावर घेतलं. "घराची अब्रू येशीला टांगली हिनं!" दादा तुझ्याशी बोलेना. तू मला एवढंच म्हणालीस, "वन्सं, भ्या लई वाटतंय. पर आता मागं फिरायचं न्हाई."

फिरली नाहीसच. घरावर नवरा-बायको दोघांची नावं लावायची, असा सरकारचा आदेश आला तेव्हा इतर गावांत तो तसाच पडून राहिला. तू म्हणालीस, "आधी माझं घर, मग गावाचं." दादा सहीला तयार होईना. मग मीच गेले त्याच्याकडे. गोठ्यात धार काढत होता.

"दादा, आमच्या ह्यांनी मला मारलं तर तू काय करशील?"

"तंगडं मोडीन त्याचं!"

"मग वहिनीला पण भाऊ आहे की, अवसरीला."

त्याचे हात थांबले. म्हैस पाय झाडायला लागली तरी तो तसाच बसून. पुढच्या सोमवारी पंचायतीत जाऊन सही केली आणि म्हणाला, "लिवा तिचं बी." तो देवमाणूस झाला असं मी म्हणणार नाही. पण त्याचा हात पुन्हा उठला नाही, हे तूच मला सांगितलंस. त्यानंतर तू दारोदार फिरलीस, वहिनी, घर न् घर!

एका गोष्टीचा मात्र राग आहे माझा. गावापुढे इतकं बोललीस, मग छातीतल्या गाठीबद्दल का नाही बोललीस? मला तरी सांगायचं! "कामं आटपू द्या, मग बगू," म्हणत राहिलीस. पुण्याला नेलं तेव्हा डॉक्टर दादाला म्हणाले, "फार उशीर झाला." दवाखान्याच्या जिन्यात दादा मांडी घालून बसला आणि लहान पोरासारखा रडला. थोड्याच दिवसांत तू गेलीस. तुझं दुखणं तू मोजतच नव्हतीस का गं?

आता ऐक. खालच्या आळीची सुमन आठवते ना? तिच्या घरावर तू तिचं नाव लावलंस, तेव्हा सासरा तुझ्या अंगावर धावून आला होता. परवा नवऱ्यानं मारून तिला पोरीसकट बाहेर काढलं. ती अंगणवाडीत आली. मी विचारलं, "माहेरी निरगुडसरला सोडू का?" ती म्हणाली, "माहेरी कशाला? घर माझं हाय."

आज घोडेगावला तिला सोबतच नेलं होतं; बैठकीनंतर मी तिला नव्या कायद्यानं नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे घेऊन गेले. उद्या कोर्टात अर्ज आहे. दादा जीप घेऊन येतोय, मी सांगितलं नव्हतं तरी. तिच्या सासरची माणसं येतील, ओरडतील, गावाच्या अब्रूचं काढतील. मलाही भीती वाटतेय, वहिनी. तरी मी जाणार. आणि सुमन तिच्या घरात पाऊल टाकेपर्यंत मी तिच्या शेजारून हलणार नाही. हा शब्द तुला.

पहाटेच निघायचंय, आता थांबते.

तुझी वन्सं,
शालन