टोपली ठेवलेली जागा

आये, तुला लिहायचं मी फार टाळलं. तू गेल्यापासून मी कुठे कुठे राहिलो, मनालीच्या ढाब्यावर, गोव्याच्या शॅकमध्ये, आणि प्रत्येक ठिकाणी वाटायचं, इथून निघालो की लिहू. आज बसलोय तेसुद्धा, खरं सांगायचं तर, एका इमेलच्या भानगडीमुळे. तुला इमेल कधी लागला नाही. दुकानाचा पत्ता असतो तसाच, फक्त कॉम्प्युटरमधला. गिऱ्हाईक तिथे लिहितं, आपण वाचून उत्तर द्यायचं.

ताई आता सुकट, बोंबील, सोडे विकते. उलव्याच्या खोलीत पाकिटं भरतो आम्ही. मी वर्षभर तिच्या हाताखाली आहे. बेलापूरच्या एका ऑफिसच्या कँटीनला दर आठवड्याला माल हवाय. तो मिळाला तर ताईला पिशव्या घेऊन बिल्डिंगी चढाव्या लागणार नाहीत, गुडघे गेलेत तिचे. कँटीनचे साहेब फोनवर म्हणाले, "रेट मेल करा. तुमचा आयडी काय?" मी माझा सांगायला लागलो, सायबर कॅफेत मिसरूड फुटताना उघडलेला. बिनधास्त, अंडरस्कोर, राजा, परत अंडरस्कोर, आणि शेवटी एका बाइकचा नंबर, जी आपल्याकडे कधी नव्हतीच. साहेब म्हणाले, "अहो राजे, धंद्याचा काही असेल तर त्याच्यावरून पाठवा. हा मी वर कुणाला दाखवू?"

मग दुकानाच्या नावाने इमेल घेतला. दुकानाचं नाव 'अ‍ॅट'च्या नंतर येतं. त्याच्या आधी काय टाकायचं ते आपण ठरवायचं. मी म्हटलं, 'डायरेक्टर' टाकू, वजन पडतं. ताई बोंबलांची डोकी काढत होती. "डायरेक्टर? कोनाचा, बोंबलांचा?" बरं, मग माझं नाव टाकू. तेव्हा तिचा हात थांबला. "तुजं नाव टाकलंस नि तू परत गेलास हिमालयान, मंग? लोक तुला लिवनार, नि मी हिकडं वाट बघत बसनार?"

"मी कुठे जातोय?"

"तू कंदी सांगून गेलास?"

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. समोर विमानतळाकडे डंपर चालले होते, त्यांच्या मागच्या चित्रांवर माझं लक्ष गेलं, आणि का कुणास ठाऊक, मला तू मासळी विकायचीस तो बाजार आठवला.

ताईच्या पहिल्या बाळंतपणाला तू तिच्या सासरी गेली होतीस. मी शाळेला दांडी मारून बाजारात आलोय. तुझ्या जागेवर तुझी टोपली पालथी घातलेली, वर ओलं गोणपाट. एक नवी बाई पायाने ती टोपली सरकवतेय. शेजारची मावशी कोयता हातात घेऊनच उठते. "ए बाय, टोपली दिसत नाय का?"

"पन बाई कुठंय?"

"बाई नाय, टोपली हाय ना! हो पलीकडं."

दिवसभर गिऱ्हाइकं येतात, त्या पालथ्या टोपलीसमोर उभी राहतात आणि मावशी ऐकून ठेवते. "सुरमई ना? आली की सांगते तिला." तू परत आलीस तेव्हा कुणाला काय हवं ते सगळं तुला ठाऊक होतं. मला तर जादूच वाटली होती. मावशी आता खांदेश्वरला लेकीकडे असते, तिला ऐकू येत नाही फारसं, पण मला बघून अजून "आला भटक्या" म्हणते. असो, कुठून कुठे गेलो.

आत येऊन ताईला म्हटलं, "'टोपली' टाकू. तू बसलीस तर तू, मी बसलो तर मी." ती चहाचा कप पुढे सरकवून म्हणाली, "फोनवर सांगाया बरं हाय." पासवर्ड दोघांकडे आहे. दुपारी रेट पाठवले. ताई खाडीकडे वाळवण उलटायला गेलीय.

हे मी त्याच टोपलीत लिहितोय, आये. 'टू'ची जागा रिकामी ठेवलीय, म्हणजे हे कुठे जाणार नाही, ड्राफ्टमध्ये पडून राहील. ताई उघडेल तेव्हा तिला दिसेल. म्हणून इथेच लिहून ठेवतो, पलंगाखाली माझी बॅग रविवारपासून भरलेली आहे. तिला सांगायचं होतं, जमलं नाही. वाचू दे तिला. आज निघत नाही एवढं खरं, उद्याचं मला अजून माहीत नाही.

इंटरकॉम वाजला. वॉचमन म्हणतोय, कँटीनचे साहेब स्वतः आलेत, माल बघायचाय, "वो टोपलीवाले कौन है" म्हणून विचारतायत. ताई तर घरात नाही. मी म्हटलं, वर पाठव.